अकराव्या खोलीचं सारवण

१

अंजना कुणाच्याही घरी गेली की आधी जमिनीकडं बघायची, मग माणसांकडं. खोड म्हणा हवं तर. सारवणावर बोटांचे जे अर्धगोल उठतात, त्यांवरून बाईचा हात ओळखायला ती परकरात असतानाच शिकली होती. थोरल्या जावेचा हात फताडा, ओळी उथळ. शेजारच्या लीलाबाईचा हात घाईचा, मधेमधे सुक्या जागा राहायच्या, आणि अंजना तिला त्यावरून तोंडावर चिडवायची. स्वतः अंजनाचा हात तर आंधळ्यानंसुद्धा ओळखला असता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलं. तेव्हापासून तिच्या सारवणात एक रेघ उठायची, मग रुंद मोकळी पट्टी, मग एकमेकींना लागून दोन रेघा. गावात कुणाच्या लग्नाचं अंगण सारवलं तरी बायका म्हणायच्या, ह्यो तुकडा अंजनाचा.

शहात्तर सालच्या फेब्रुवारीत ती नवऱ्याबरोबर तीन दिवसांसाठी खानापूरच्या माळावर आली, ती राहून बघायला. पटलं तर कायमचं राहायचं, नाही पटलं तर परत कराडकडचं आपलं गाव गाठायचं. गावात दोन एकर ऊस होता, चार खण घर होतं, भांडायला जाऊ होती. नव्हतं ते एकच. पोटी मूल नव्हतं.

नवरा कृष्णात पलटणीतून हवालदार म्हणून घरी आलेला. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा गुडघा गेला, मिरजेला दोनदा कापाकापी झाली, तरी पाय ओढतच राहिला. माणूस मोठा मायाळू. रस्त्यात अनोळखी म्हातारीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणारा. पण पेन्शन सुरू झाल्यापासून त्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता.

"अंजे, आपल्यातलं एक आदी जानार," तो जेवता जेवता म्हणायचा. "मागं ऱ्हाईल त्येला पानी कोन दील?"

अंजना म्हणायची, गप जेवा. पण तीच काळजी तिलाही होती. म्हणून तर ती आली.

२

आसपासची माणसं त्या जागेला गॅसवाल्यांची वस्ती म्हणत. शेणाच्या गॅसवर शेगडी पेटते हे त्या भागात लोकांनी पहिल्यांदा तिथंच पाहिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तात्याबा मास्तर नावाच्या रिटायर झालेल्या शिक्षकानं एकेक करत दहा कुटुंबं जमवली आणि माळावर मातीच्या खोल्यांची एक लांब ओळ उभी केली. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक, गोठा एक, विहीर एक. विहिरीवर वाऱ्यानं फिरणारं चाक. रासायनिक खताचं पोतं वस्तीत आणायचं नाही. भांड्यांचं पाणी केळीला, केळीच्या पानावर जेवण, उष्टी पानं गुरांना, गुरांचं शेण गॅसच्या खड्ड्याला, खड्ड्यातला शेणकाला परत रानाला.

"इथून काही बाहेर जात नाही," मास्तर अभिमानानं म्हणाले. पांढरी टोपी, स्वच्छ बोलणं, कुणालाही आवडावा असा म्हातारा. "जे आलं ते इथंच फिरतं. माणसाचंही तसंच. कुणी एकटं पडत नाही."

कृष्णातनं मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते, ते अंजनानं बघितलं. इतका मोठा माणूस, लढाईवरून आलेला, आणि एकटं पडायच्या भीतीनं लहान पोरासारखा झालेला.

"मग कागद काय करायचा?" त्यानं विचारलं.

"कागद नाही, सही नाही, अंगठा नाही." मास्तरांनी ओळीच्या टोकाला बोट केलं. "ती अकरावी खोली दिवाळीपासून बांधून ठेवली आहे. घरच्या बाईनं ती आपल्या हातानं सारवली, की ते कुटुंब इथलं झालं असं आम्ही मानतो. पुरुषाच्या हो-नाहीला इथं किंमत नाही, हवालदार."

सगळे हसले. कृष्णातही हसला आणि आशेनं बायकोकडं बघू लागला. अंजनानं दोन्ही हात पदराखाली घेतले. आपण इतक्या लवकर गळाला लागणारी बाई नव्हे, असं तिनं मनाशी म्हटलं. तीन दिवस शेणाला हात लावायचा नाही, एवढंच धोरण ठेवलं की झालं.

३

त्यांना उतरायला पाहुण्यांची वेगळी खोली दिली होती, गोठ्याच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर कृष्णात मास्तरांबरोबर विहिरीवरचं चाक बघायला गेला आणि अंजना एकटीच ओळीच्या टोकाला गेली. आपल्यासाठी ठेवलेली खोली कशी आहे ते बघायला काय हरकत होती?

दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या भिंतीत वर एक हातभर झरोका, त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडलेला. दुसरं दार नाही, खिडकी नाही. आणि जमीन सारवलेली होती. ओली, ताजी, शेणाचा हिरवा वास नाकाला भिडणारी.

अंजना उंबऱ्याबाहेर थबकली. ओल्या सारवणावर पाय ठेवायचा नसतो हे कुणी तिला सांगायला नको होतं. कुणीतरी आपल्यासाठी आधीच सारवून टाकलं म्हणायचं, तिच्या मनात आलं, आणि थोडं बरंही वाटलं. मग सवयीनं तिनं खाली निरखून बघितलं.

एक रेघ. मोकळी पट्टी. दोन रेघा.

तिनं उजवा हात पदरातून काढला आणि जमिनीवर न टेकवता वरच्या वर धरला. मग झटक्यात मागं घेतला.

असंल कुणीतरी, ती स्वतःला म्हणाली. कडबा कापायची यंत्रं काय एकट्या कराडच्या बाजूलाच आहेत? कितीतरी बायकांची बोटं गेलीत. इथंही असेल एखादी. असेल.

पण नजर उठेना. सारवताना प्रत्येक अर्धगोल आधीच्या अर्धगोलाची कड झाकतो. त्यामुळं बाईनं कुठून सुरुवात केली आणि कुठं संपवलं हे जाणत्याला दिसतं. जगातली कुठलीही बाई मागच्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागं मागं सरकत उंबऱ्यातून बाहेर पडते. नाहीतर बाहेर कसं पडणार? इथं सगळं उलटं होतं. सारवणारीनं दाराकडं तोंड करून बसकण मारली होती आणि मागं मागं सरकत आत आत गेली होती. सगळ्यात वरचा, सगळ्यात शेवटचा अर्धगोल मागच्या भिंतीच्या कोपऱ्याला टेकला होता. तिथून परत यायला पावलाची एकही खूण नव्हती.

कोपऱ्यात उन्हाचा चौकोन पोचत नव्हता. अंजनानं तिकडं बघितलं नाही. दार ओढून घेतलं आणि भराभर गोठ्याकडं आली. उंबऱ्याच्या आत वीतभर पट्टा तेवढा सारवायचा राहिला होता, हे तिला नंतर चालता चालता आठवलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सरळ, मुद्दाम सोडल्यासारखा.

४

दुपारच्या पंगतीला ती भाकरीकडं कमी आणि हातांकडं जास्त बघत होती. स्वयंपाकघर बयाबाई नावाच्या दणकट बाईच्या ताब्यात होतं. तिच्या हाताखाली बाकीच्या वाढत होत्या. दहा घरं, दहा बायका. अंजनानं एकेकीचा हात पानावर वाकला की बोटं मोजली. आमटी वाढणारीची पाच. भाकरी टाकणारीची पाच. मीठ, चटणी, ताक. सगळ्या हातांना सगळी बोटं होती.

"काय ओ अंजनाबाय, जेवान ग्वाड लागंना व्हय?" बयाबाईनं विचारलं.

"लागतंय की. अकराव्या खोलीचं सारवान कुनी केलं, बयाबाय?"

"आत्ता! आमी कशाला करू? तुमची खोली हाय न्हवं ती."

बयाबाई हसली आणि पुढच्या पानाकडं वळली. थट्टा करतेय म्हणावं तर आवाजात थट्टा नव्हती.

जेवणं झाल्यावर अंजनानं सुलाबाईला जाऊन गाठलं. सुलाबाई आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, गेल्या साली नवऱ्याबरोबर वस्तीत आलेली. दहाव्या खोलीत राहायची. दारात बसून तांदूळ निवडत होती. अंजना तिच्यासमोर टेकली आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आली.

"तुमची खोली कुनी सारवली हुती, सुलाबाय?"

"मीच."

"आल्याआल्या?"

"न्हाई, यायच्या आदी," सुलाबाई म्हणाली, आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आदी म्हंजी? तुमी तर आटपाडीला हुता न्हवं?"

"ती हुती आटपाडीला." सुलाबाईनं मान वर केली. चेहरा साधा, शांत, पोटभर झोप झालेल्या माणसाचा. "लय रडली जाताना. मला बी वाईट वाटलं. पर नवरा खुशीत हाय बगा आता."

ह्या बाईचं डोकं फिरलंय, दुसरं काय, असं अंजनानं मनाला बजावलं. दुष्काळात माणसांची डोकी फिरतात, मेंढरं डोळ्यांदेखत मेलेली असतात. उठता उठता तिची नजर सुलाबाईच्या खोलीत गेली. जमीन जुनी, वाळलेली, पुन्हा पुन्हा सारवलेली. तरी कडेला तळाचा पहिला थर दिसत होता. तिथले अर्धगोलही दारापासून आतल्या भिंतीकडं गेले होते.

मग तिनं चालता चालता नववी खोली बघितली, आठवी बघितली. सातवीनंतर बघायचं सोडून दिलं.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं ट्रंक बांधली. रात्रभर जो विचार केला होता त्याचं एकच टोक निघत होतं. दहाची एसटी धरायची. कृष्णात रागावेल, चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. जाऊ कितीही भांडकुदळ असली तरी मेल्यावर तोंडात पाणी घालायला येईलच. आणि नाही आली तर नाही आली.

हे सगळं त्याला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत ती बाहेर आली, तर कृष्णातच पाय ओढत लगबगीनं समोरून येत होता. तोंडभर हसू. लग्नात दिसला होता तसा दिसत होता.

"अंजे! बोलली बी न्हाईस मला! आगं, सारवून टाकलीस की खोली!"

"मी न्हाई सारवली."

"आता गप. मी बगून आलो न्हवं. हात कुनाचा त्ये मला कळत न्हाई व्हय? तीस वरसं त्याच जमिनीवर जेवतोय."

"आवं, देवाशपत सांगते, मी हातसुदीक लावला न्हाई. आन् मला हितं ऱ्हायाचं न्हाई. आपन जाऊ घरला. दहाची यस्टी हाय."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. तो खाली दगडावर बसला आणि गुडघा दाबू लागला. अंजनाला त्याची इतकी कणव आली की क्षणभर वाटलं, राहू या. जे असेल ते असो. पण मग तो म्हणाला, "सवता सारवायचं आन् सवताच न्हाई म्हनायचं. माजी चेष्टा करतीस व्हय, अंजे?"

हे तिला झोंबलं. खोटेपणा तिच्या अंगात नव्हता आणि तिच्या हातावर कुणी खोटं लादलेलं तिला खपण्यासारखं नव्हतं.

"चला माज्याबर," ती म्हणाली. "दावते तुमाला."

अकराव्या खोलीचं दार उघडं होतं. दिवसभराचं माळरानातलं ऊन खाऊन जमीन खडखडीत व्हायला हवी होती, पण ती कालच्यासारखीच ओली चकाकत होती. उंबऱ्यापाशी शेणकाल्याची बादली ठेवलेली होती. अंजनानं ती कुणी ठेवली हे विचारलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या वीतभर सुक्या पट्ट्यावर होतं. आपण त्यावर हात फिरवायचा, शेजारी शेजारी दोन्ही हात दिसले की फरक आंधळ्यालाही दिसेल. कितीही सारखे असले तरी दोन बायकांचे हात एक नसतात. दाब वेगळा, वळण वेगळं, कड वेगळी.

ती उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली, बादलीत हात घातला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा सारवत नेला. काला कोमट होता. सहा अर्धगोल, बस्स.

"आता बगा," ती म्हणाली.

कृष्णात वाकला. अंजनाही वाकली. तिचा अर्धगोल जिथं संपत होता तिथूनच आतला सुरू होत होता. रेघेला रेघ, पट्टीला पट्टी. मधे सांधा नव्हता. ती डोळे ताणून शोधत राहिली, पण आपला हात कुठं संपला हे तिलाच सापडेना.

आणि मग आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, बराच वेळ उकिडवं बसलेलं माणूस उठताना गुडघ्यावर हात टेकून सोडतं तसा सुस्कारा कुणीतरी सोडला. तिला फक्त लुगड्याचा काठ दिसला. हिरवा, तिनं आत्ता नेसलेल्या लुगड्याचाच.

"बग," कृष्णात प्रेमानं म्हणाला. "तुजाच हात हाय. जा, हात धुवून ये."

६

ती गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. नवऱ्याला तिथं सोडून तिनं जायला नको होतं. पण हाताला लागलेला काला सुकत चालला होता आणि तो धुवायलाच हवा असं तिला वाटलं. गोठ्याजवळच्या हौदावर तिनं हात चोळचोळून धुतला. नखांत राहिलेलं काडीनं काढलं. समोरून बयाबाई पानांचा भारा घेऊन आली. ओळख नसलेल्या बाईकडं बघावं तसं एकदा बघून पुढं गेली. मास्तर गेले. त्यांनी टोपीला हात लावून परक्याला करतात तसा नमस्कार केला.

अंजना परत आली तेव्हा अकराव्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत बाज टाकली होती. बाजेवर कृष्णात बसला होता आणि हसत होता, अगदी मोकळा, पोट धरून. कितीतरी वर्षांत तो असा हसला नव्हता. कुणीतरी हलक्या आवाजात त्याला काहीतरी सांगत होतं. शेजारच्या लीलाबाईच्या घाईच्या सारवणाची गोष्ट होती ती. सांगायची ढब ओळखीची होती.

"आवं," अंजनानं उंबऱ्याबाहेरून हाक मारली.

तो थांबला. दाराकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, थट्टा नव्हती, काहीच नव्हतं. दारात आलेल्या बाईमाणसाशी बोलताना तो नेहमी आणायचा तशी अदब त्यानं चेहऱ्यावर आणली.

"कोन पायजे, बाई?"

अंजनानं पाय उचलला. जमीन ओली होती. उचललेला पाय तिच्यानं खाली ठेववेना. चाळीस वर्षांची सवय, अंगात मुरलेली. पाय तसाच अधांतरी राहिला आणि मग परत बाहेर आला.

"अंजे," कृष्णातनं आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं, "भाइर कोन बाई आल्यात बग गं."

"नाव तर इचारा," आतून उत्तर आलं.

"नाव काय, बाई तुमचं?"

तिनं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. पण ते उच्चारलं तर आतली बाई उजेडात दारापर्यंत येईल, आणि तिचं तोंड बघावं लागेल, हे तिला एकदम लख्ख कळलं. शिवाय कृष्णात दोघींकडं बघेल. आणि त्यानं दोघींकडं बघून एकीचा हात धरला तर? तिनं नाव गिळलं.

"चुकले मी," ती म्हणाली. "वाट चुकले. मला यस्टीला जायाचं हुतं."

"मग असं व्हय!" तो लगेच उठला. पाय ओढत ओल्या जमिनीवरून दारापर्यंत आला, आणि मागं एकही पाऊल उमटलं नाही. उंबऱ्यात उभं राहून त्यानं हात लांब केला. "ही पांदीची वाट धरा. म्होरं बाभळ लागंल, तितनं डाव्या हाताला. खडी लय हाय, खाली बगून जावा."

"बरं."

तो तिच्या हातांकडं बघत होता. उजव्या हातावर नजर थोडी थांबली. पण त्याला फक्त एवढंच दिसलं असावं की ह्या बाईजवळ ना पिशवी आहे, ना बरोबर कुणी माणूस.

"एकट्याच हाय व्हय तुमी?" त्यानं विचारलं. आवाजात खरी काळजी होती.

"व्हय," अंजना म्हणाली.